वारा अंगावर कोण घेणार

परभणीतल्या बन्सीधर गिराम यांच्या बैठकीच्या खोलीत, दारातून आत आल्यावर समोरच्याच भिंतीवर, जमिनीपासून साडेपाच फुटांवर एक खिळा आहे. खिळा त्यांनी स्वतः ठोकला, त्याला यंदा तीन वर्षं झाली. सायकल शर्यत पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून त्या खिळ्याला लावायचं, असा निर्णय घरात सर्वानुमते झालेला आहे. अंमलबजावणी बाकी आहे. तोवर पावसाळ्यात त्यावर छत्री असते आणि एरवी भाजीची पिशवी.

बन्सीधर एका सरकारी कार्यालयात आवक-जावक शाखेत कनिष्ठ सहायक आहेत. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, तो वहीत चढवायचा आणि त्याची पुढच्या टेबलावर जायची वेळ झाली असं वाटेपर्यंत आपल्या टेबलावर ठेवायचा, हे काम ते बावीस वर्षं निष्ठेने करत आले. चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, साखर काठावर आहे, चालायला जा. ते आठवडाभर चालले. पण परभणीत सकाळी चालणं सोपं नाही. दर पन्नास पावलांवर कुणीतरी विचारतं, “कुठं निगालाव?” आणि उत्तर दिलं की विचारतं, “कामून?” सायकलवरचा माणूस दुसऱ्या प्रश्नाच्या आत निघून गेलेला असतो. म्हणून त्यांनी सायकल घेतली.

एकदा सायकल आली की तिचा नादही येतो. बन्सीधर यांचा नाद वाढत वाढत सायक्लोक्रॉसपर्यंत गेला. या खेळात चिखलातून, वाळूतून, आडव्या लावलेल्या फळ्यांवरून सायकल पळवायची असते. जिथे ती पळत नाही तिथे उतरायचं, ती खांद्यावर घ्यायची आणि आपण पळायचं. युरोपात हे बघायला हजारो लोक कडाक्याच्या थंडीत उभे राहून टाळ्या वाजवतात. परभणी जिल्ह्यात यालाच शेताला जाणं म्हणतात आणि टाळ्या कुणी वाजवत नाही.

बाहेरगावी अशा तीन शर्यती ते खेळले. पहिलीत फळीला अडखळून पडले, दुसरीत चिखलात बूट राहिला आणि पाय पुढे गेला, तिसरीत मात्र ते एकदाही पडले नाहीत. तरी तिन्ही शर्यतींचा शेवट एकच झाला. या खेळात असा नियम आहे की पहिल्या नंबरचा गडी एक फेरी जास्त मारून मागून तुमच्या जवळ आला, की पंच शिट्टी वाजवतात आणि तुम्हाला बाहेर काढतात. म्हणजे तुम्ही हरलात असं नाही. तुम्ही शर्यतीत नव्हताच, असं. तिसऱ्या वेळी शिट्टी वाजल्यावर बन्सीधर यांनी पंचांना हात जोडले. म्हणाले, “साहेब, मी शेवटचा यायला तयार आहे. पण येऊ तर द्या.” पंच म्हणाले, “शेवटचं यायलासुद्धा वेळेत यावं लागतं.”

घरी आल्यावर बायकोने, म्हणजे मंजुषावहिनींनी विचारलं, “अहो, तुमी शर्यतीला जाता म्हंजे नेमकं कुठवर जाता?”

“शिट्टीपर्यंत,” बन्सीधर म्हणाले.

वहिनींनी छत्री खिळ्याला अडकवली.

गेल्या हिवाळ्यात कार्यालयाने त्यांना पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता ‘वेळेचे नियोजन’. दुसऱ्या दिवशी व्याख्याते आलेच नाहीत, त्यामुळे बन्सीधर ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती बघायला गेले. ट्रॅक म्हणजे मोठ्या परातीचा काठ समजा, सगळीकडून तिरका. त्यावर ब्रेक नसलेल्या सायकली. आधीच्या शर्यतीत पुष्कळ लोक जिवाच्या आकांताने गोल गोल फिरून जिथून निघाले तिथेच परत येत होते. यात बन्सीधर यांना नवीन काही दिसलं नाही. पण मग दोघांचीच एक शर्यत लागली. शिट्टी झाली आणि दोघे इतक्या सावकाश निघाले, की बन्सीधर खुर्चीत सावरून बसले. अर्ध्या फेरीनंतर पुढच्याने मान वळवून मागच्याकडे पाहिलं, सायकल तिरक्या काठावर वर नेली आणि तो थांबला. मागचाही थांबला. पाय पॅडलवर, चाकं जागच्या जागी, मांड्या थरथरतायत आणि दोघेही एकमेकांकडे बघतायत. सगळं स्टेडियम श्वास रोखून बसलं.

शेजारी थर्मास घेऊन बसलेल्या एका पुणेकर आजोबांना त्यांनी विचारलं, “हे काय चालू आहे?”

“चालू नाही, थांबलंय,” आजोबा म्हणाले. “जो पुढे जाईल त्याला वारा अंगावर घ्यावा लागतो. मागचा त्याच्या आडोशाने निवांत येतो आणि शेवटी पुढे काढतो. त्यामुळे कुणालाच आधी पुढे जायचं नसतं.”

“मग एकमेकांना तू जा, तू जा, असं म्हणतात?”

“बोलत नाहीत. नुसते थांबतात.”

“म्हणजे तोंडीसुद्धा नाही,” बन्सीधर आदराने म्हणाले. “किती वेळ थांबता येतं?”

“तीस सेकंद. त्यापुढे नियमाने बंदी.”

बंदीचं ऐकून बन्सीधर यांना वाईट वाटलं. ज्या खेळात एवढी समज आहे त्यात एवढी घाई कशाला, हे त्यांना कळेना. पण परतीच्या गाडीत त्यांना झोप लागली नाही. आपले पाय मंद आहेत, दम कमी आहे, हे त्यांना मान्य होतं. मात्र दुसऱ्याने आधी हलावं म्हणून जागच्या जागी थांबणं, ही कला त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीने फुकट शिकवली होती. ज्या गुणासाठी त्यांना दोनदा ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळाली, त्या गुणाला तिकडे सुवर्णपदक होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते अंगणात सायकलवर बसून थांबायचा सराव करू लागले. मंजुषावहिनी दोरीवर कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, “जायलाव का यायलाव?”

“थांबलोय.”

“ते तर मी लग्नापासून बगायलेय.”

होळीपर्यंत ते चार मिनिटं थांबू लागले. अक्षय्य तृतीयेला अकरा मिनिटं झाली. चिमण्या येऊन हँडलवर बसू लागल्या.

तेवढ्यात जिल्ह्यातल्या हौशी सायकल संघटनेने जिल्ह्यातली पहिली सायक्लोक्रॉस शर्यत घ्यायचा ठराव केला. संघटनेत एकोणीस पदाधिकारी आणि सहा सायकली आहेत. त्यांतल्या दोन व्यायामाच्या, जागेवरच्या. अध्यक्ष दत्तराव दहावीनंतर सायकलवर बसलेले नाहीत, पण सायकलवर ते पाऊण तास बोलू शकतात. सगळा कारभार सचिव हरिओम पाहतात. हा खेळ प्रत्यक्ष खेळलेला माणूस जिल्ह्यात एकटे बन्सीधर, म्हणून त्यांना तांत्रिक मार्गदर्शक नेमण्यात आलं.

जागा ठरली पेडगावचं गायरान. पेडगाव म्हटलं की लोक वेड पांघरण्याची म्हण काढून हसतात. ती म्हण दुसऱ्या पेडगावची आहे, असं इथले लोक शपथेवर सांगतात, आणि शर्यत होईपर्यंत ते खरंही होतं. पेडगाव ही बन्सीधर यांची सासुरवाडी. सरावासाठी ते तिथे गेले आणि खांद्यावर सायकल घेऊन ओढ्याच्या चढावर पळू लागले, तेव्हा सासरे गोपाळराव बांधावरून हे बघत होते. त्यांनी ट्रॅक्टर पाठवला.

“मामा, हा खेळ आहे,” बन्सीधर म्हणाले.

“असंल,” गोपाळराव म्हणाले. “पर जावईबापू, पोरगी दिली तवा तुमी सायकलवर बसत होता. आता सायकल तुमच्यावर बसायलीय. गावात मी काय सांगू?”

शर्यत मुळात चार फेऱ्यांची होती. पण हरिओम यांनी सत्कारांची यादी केली तेव्हा ती एक्केचाळीस नावांची निघाली, आणि पाहुण्यांचं जेवण दुपारी एकला होतं. सत्कार कमी करता येईनात, म्हणून तीन फेऱ्या कमी केल्या. राहिली एक मोठी फेरी, साडेपाच किलोमीटरची. एकच्या आत पूर्ण करायची. पाहुण्यांची गाडी गायरानात रुतू नये म्हणून चिखलावर मुरूम टाकला. मग चिखलच उरला नाही, असं पंचांनी कळवल्यावर मुरमावर टँकरने पाणी सोडलं.

पण बन्सीधर यांचं लक्ष एका फेरीवर होतं. एकच फेरी म्हणजे मागून कुणी फेरी मारून येण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न नाही म्हणजे शिट्टी नाही. फक्त एकच्या आत रेषा ओलांडायची. घरी जाऊन त्यांनी खिळा हलवून पाहिला. पक्का होता.

स्पर्धकांना नोकरीत एक दिवसाची विशेष रजा मिळते हे समजल्यावर शर्यत रविवारऐवजी शुक्रवारी ठेवण्यात आली आणि चौदा अर्ज आले. चौदाही सरकारी किंवा निमसरकारी. अर्ज आपापल्या कार्यालयामार्फत, म्हणजे ‘योग्य मार्गाने’ करायचा होता. प्रमाणपत्रही योग्य मार्गानेच मिळेल, असं सतराव्या अटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही. नोकरीत स्वतः अटी लिहिणारे लोक दुसऱ्यांच्या अटी वाचत नाहीत.

आदल्या दिवशी बन्सीधर यांनी स्पर्धकांना मार्गदर्शन केलं. सायकल कशी उचलायची, फळीवरून कशी न्यायची, हे ते सांगत असताना निम्मे लोक मोबाइल बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी पुण्याला पाहिलेली ती दोघांची शर्यत सांगितली. मोबाइल खाली गेले.

“म्हंजे पुढं जाणाऱ्यावर जबाबदारी येते,” मन्मथअप्पा म्हणाले. हे ग्रामसेवक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले.

“जबाबदारी नाही, अप्पा. वारा.”

“तेच की ते.”

रुद्रेश नावाच्या तरण्या शिक्षकाने वहीत लिहून घेतलं: पुढे जाणारा हरतो.

शुक्रवारी सकाळी आठची शर्यत सत्कार आटोपून दहा चाळीसला लागली. बाहेरगावहून बोलावलेल्या पंच नीलम यांचा सत्कार तीनदा झाला, कारण त्यांचं नाव तीन याद्यांत होतं. खांद्यावरच्या तीन शाली बाजूला ठेवून त्यांनी चौदा जणांना रेषेवर उभं केलं आणि शिट्टी वाजवली.

कुणी हललं नाही.

नीलम यांना वाटलं, शिट्टी ऐकू गेली नसावी. त्यांनी पुन्हा वाजवली. मंडपातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौदा जण रेषेवर तसेच. तेरा जणांचा एक पाय जमिनीवर होता. बन्सीधर यांचे दोन्ही पाय पॅडलवर होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

“घ्या, अप्पा. तुमी व्हा पुढं,” ते म्हणाले.

“मी? निवृत्तीच्या तोंडावर?” मन्मथअप्पा म्हणाले. “रुद्रेश सरला जाऊ द्या की. तरणं हाय.”

“मी तुमच्यापुढं जाणं बरं दिसंल का, अप्पा?” रुद्रेश म्हणाला. “सेवाज्येष्ठता म्हणून काही असती का न्हाई?”

सेवाज्येष्ठता निघाल्यावर बोलणं वाढलं. कोण कधी रुजू झालं, मधल्या काळात कुणाची सेवा खंडित होती, यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. त्यातून सगळ्यांत ज्येष्ठ कोण हे जवळपास ठरलं, तेव्हा त्या ज्येष्ठाने आपली नेमणूक तात्पुरती असल्याचं सांगितलं.

नीलम पुढे आल्या. “शिट्टी वाजलीय. शर्यत सुरू झालीय. निघा.”

“वाजली, मॅडम. आमी ऐकली,” मन्मथअप्पा नम्रपणे म्हणाले. “लेखी काही हाय का?”

नीलम यांनी नियमावली चाळली. ट्रॅकवर थांबायला तीस सेकंदांची मुदत होती. सायक्लोक्रॉसच्या नियमांत उभं राहण्याला मुदतच नव्हती, कारण जगात आजवर या खेळात कुणाला उभं राहायचं सुचलं नव्हतं. त्यांनी हरिओम यांच्याकडे पाहिलं. हरिओम यांनी टेबलावर बसून पत्र लिहिलं: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, शर्यत सुरू झालेली असून आपण निघावे.’ पत्र रेषेवर आलं ते बन्सीधर यांच्या हातात पडलं. बावीस वर्षांची सवय. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

मंडपात अध्यक्ष दत्तराव यांनी माइक घेतला. “इतर जिल्ह्यांत शर्यत म्हटली की ढकलाढकली होते,” ते म्हणाले. “पण आपल्या मातीतली शिस्त बघा.” पाहुण्यांनी शिस्तीचे फोटो काढले.

सव्वाअकराला गोपाळरावांची भावकी अधीर झाली. जावई पळणार म्हणून सगळी माणसं खुरपणी सोडून आली होती. गोपाळरावांनी हात वर करून आरोळी दिली, “जावईबापू आगे बढो,” आणि साठ-सत्तर माणसं एका आवाजात म्हणाली, “हम तुम्हारे साथ हैं.” घोषणा सात-आठ वेळा झाली. जावईबापू बढले नाहीत. साथ असलेल्यांपैकीही कुणी पाऊल उचललं नाही. आपल्याकडे या घोषणेने आजवर कुणी हललेलं नाही, ती त्यासाठी दिलीही जात नाही.

साडेअकराच्या सुमारास कमलबाई आल्या. पन्नाशीच्या, डोक्याला पदर गच्च बांधलेला, हातात नवऱ्याची जुनी सायकल, मागे कॅरिअरला खताचं अर्धं पोतं आणि हँडलला भाकरीचं फडकं. गायरानाच्या पलीकडे त्यांचं दीड एकर सोयाबीन होतं आणि वाट याच रेषेवरून जात होती.

“सरका की,” त्या म्हणाल्या.

“मावशी, शर्यत चालू आहे,” नीलम म्हणाल्या.

कमलबाईंनी चौदा जणांकडे नीट पाहिलं. “कुठं चालू हाय? ही तर समदी उबी हायत.”

“सुरुवात व्हायची आहे.”

“मग व्हईस्तोवर मला जाऊ द्या. मला तुमच्यावानी फुरसत न्हाई, माय.” असं म्हणून त्यांनी मन्मथअप्पांच्या सायकलीचं चाक पायाने बाजूला केलं आणि त्या रेषा ओलांडून गेल्या.

त्या दहा हात पुढे गेल्या असतील नसतील, तोच चौदा सायकली एकदम सुटल्या. कारण आता पुढे कुणीतरी होतं. वारा कुणाच्या तरी अंगावर होता. मंडपात जल्लोष झाला आणि गोपाळरावांनी फटाक्यांची माळ लावली.

नंतरची वीस मिनिटं जी शर्यत झाली तिला तोड नाही. कमलबाई निवांत चालल्या होत्या, मागे चौदा जण एका रांगेत. चिखल आला, तशी त्यांनी पोत्यासकट सायकल खांद्यावर टाकली आणि पलीकडे गेल्या. चौदा सायकली खांद्यावर गेल्या. आडव्या फळ्या आल्या. कमलबाईंनी “कोणं मेल्यानं वाटंत फळ्या रोवल्या” असं म्हणत पहिली फळी उपटून बाजूला टाकली. चौदा जण तिथून सरळ गेले. कमलबाईंना ओलांडून पुढे जाणं कुणालाही जमलं असतं. पण पुढे गेलं की आपण पुढे होतो, आणि तसं झाल्यावर काय होतं हे आदल्या दिवशीच वहीत लिहून घेतलेलं होतं.

बोरीच्या झाडाशी शर्यतीची वाट लाल झेंड्यांनी उजवीकडे वळत होती. कमलबाईंचं शेत डावीकडे होतं. त्या डावीकडे वळल्या. झेंडे बन्सीधर यांनी पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. बन्सीधर यांचा हात उजवीकडे वळलासुद्धा, पण उजवीकडे आडोसा नव्हता. चौदाच्या चौदा डावीकडे वळले.

शेतात जाऊन कमलबाईंनी पोतं उतरवलं, मागे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला.

“काय पायजे?”

“काही न्हाई,” रुद्रेश म्हणाला.

“मग कामून माझ्या मागं लागलाव?”

“तुमी पुढं होता.”

“मी रोजच पुढं असती. रोज न्हाई कुणी येत.” त्यांनी क्षणभर विचार केला. “बरं, आता परत कवा जाणार?”

चौदा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. निघायचं म्हणजे कुणीतरी आधी निघायला हवं. “बगू की,” मन्मथअप्पा म्हणाले, “कुणी निगालं की निगू.”

“मग हितं बांधावर गर्दी नका करू,” कमलबाई म्हणाल्या. “वानरांनी बेजार केलंय मला. उबंच ऱ्हायचं तर त्या सोयाबीनच्या कडंकडंनी अंतरा-अंतरावर उबं ऱ्हावा. कपडे तुमचे भडक हायतच.”

काम ओळखीचं होतं. निळ्या, पोपटी, नारंगी कपड्यांतले चौदा राजपत्रित-अराजपत्रित कर्मचारी शेताच्या कडेने उभे राहिले. कमलबाई नंतर गावात सांगत होत्या, की तेवढ्या दिवसात एक वानर फिरकलं नाही. उभं राहावं तर शिकलेल्या माणसांनी.

बारा वाजून वीस मिनिटं झाली. शेताच्या पूर्वेच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या बन्सीधर यांचं मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. एकला चाळीस मिनिटं. त्यांना खिळा आठवला. छत्री आठवली. ‘शेवटचं यायलासुद्धा वेळेत यावं लागतं,’ हे आठवलं.

“अप्पा, एकला रेषा बंद होणार,” त्यांनी पलीकडच्या कोपऱ्याला हाक दिली. “निगायचं का?”

“तुमी व्हा पुढं,” मन्मथअप्पा जागचे न हलता म्हणाले. “आमी हावोत मागं.”

हे वाक्य बन्सीधर यांनी स्वतः आजवर किती लोकांना ऐकवलं असेल, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. पण ते आपल्याला कुणी म्हणालं की कसं वाटतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी सायकल उचलली आणि ते निघाले.

मागे कुणी आलं नाही. पुढे कुणी नव्हतं. बोरीच्या झाडापासून वारा समोरून आला तो थेट छातीवर. काळी माती चाकाला बसली, ब्रेकला बसली, शेवटी चाक फिरेना, तेव्हा त्यांनी सायकल खांद्यावर घेतली. ओढ्याच्या चढावर ते दोनदा घसरले आणि एकदा अख्खे आडवे झाले. उठताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण हसतोय. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कुणाच्याही मागे नसताना चालायची ही पहिलीच वेळ होती. वारा लागत होता खरा. पण त्याने माणूस मरत नाही, एवढं त्यांनी त्या चढावर स्वतः तपासून पाहिलं.

एकला आठ मिनिटं कमी असताना त्यांनी रेषा ओलांडली. मंडपात आभारप्रदर्शन चालू होतं. रेषेपाशी दोनच माणसं उभी होती, नीलम आणि गोपाळराव.

नीलम यांनी वेळ टिपली. “अभिनंदन. तुम्ही पहिले आलात.”

गोपाळरावांनी जावयाच्या खांद्यावरची सायकल उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली. या वेळी ट्रॅक्टर मागवला नाही.

हरिओम कागद घेऊन आले. “मॅडम, पहिला एवढ्यात म्हणता येणार न्हाई. पहिला ठरायला दुसरा लागतो. हे एकटेच आलेत. म्हंजे हे शेवटचेबी असू शकतात.”

“मग नंबर नका लिहू,” बन्सीधर म्हणाले. “शर्यत पूर्ण केली, एवढंच लिहा.”

ते मान्य झालं. नीलम यांनी सही केली. सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. त्यावर सायकलचं चित्र आणि खाली ‘बन्सीधर गिराम’. बन्सीधर यांनी हाताचा चिखल पाठीला पुसून हात पुढे केला.

“आता न्हाई देता येत,” हरिओम म्हणाले. “सतरावी अट. योग्य मार्गाने येईल. तुमच्या कार्यालयामार्फत.”

उरलेले तेरा जण चार वाजेपर्यंत शेतात होते. कमलबाई घरी निघाल्या तेव्हा तेही त्यांच्या मागोमाग गावात आले.

अकराव्या दिवशी प्रमाणपत्र कार्यालयात आलं. सोबत पत्र होतं, ‘संबंधितास देण्यात यावे.’ बन्सीधर यांनी पाकीट उघडलं, प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरून खिडकीच्या उजेडात पाहिलं, मग पत्रावर शिक्का मारून ते वहीत चढवलं. क्रमांक तीन हजार एकशे अठरा. संबंधितास देण्यापूर्वी साहेबांची मंजुरी हवी. मंजुरीसाठी कुणीतरी टिपणी ठेवायला हवी. स्वतःच्या प्रकरणात स्वतः टिपणी ठेवता येत नाही.

शेजारच्या टेबलावरच्या दत्ताला ते म्हणाले, “एवढी टिपणी तू ठेव.”

“माझ्याकडं कागद आलाच न्हाई तर मी कशी ठेवू?” दत्ता म्हणाला. “तुमी पाठवा.”

“माझंच प्रकरण मी कसं पाठवू? साहेब विचारतील, एवढी घाई कुणाला आहे.”

“विचारतील खरे. पर तुमी व्हा पुढं. मी हाय मागं.”

बन्सीधर यांना ओढ्याचा चढ आठवला. छातीवरचा वारा आठवला. पण तेव्हा ते विशेष रजेवर होते. त्यांनी प्रमाणपत्र उजव्या हाताच्या कप्प्यात, सरळ, कोपरे दुमडणार नाहीत असं ठेवलं आणि कप्पा लावला.

संध्याकाळी मंजुषावहिनींनी चहा आणून दिला. आता त्या टोमणा मारत नव्हत्या. काचेची चौकट त्यांनी स्वतःच आणून ठेवली होती.

“आलं का हो?”

“प्रक्रियेत आहे.”

“कुठं अडकलंय?”

“टेबलावर.”

“कुणाच्या?”

बन्सीधर यांनी चहाचा घोट घेतला आणि छत्रीकडे पाहिलं.

याला आता काही महिने झाले. बन्सीधर यांच्या वतीने कुणीतरी साध्या कागदावर एक अर्ज त्यांच्या साहेबांना दिला, तर काम दोन मिनिटांत होईल, असं जाणकार सांगतात. कोर्ट फीचं तिकीट लागत नाही, साक्षीदार लागत नाही. मन्मथअप्पा देणार होते, पण त्यांची निवृत्ती जवळ आली. रुद्रेश देणार होता, पण मन्मथअप्पांच्या आधी त्याने देणं बरं दिसत नाही. आम्हीही दिला असता. नाही असं नाही. पण प्रकरणाची सगळी हकिकत आता आमच्यापेक्षा तुम्हाला ताजी ठाऊक आहे, आणि ती वाचताना त्या चौदा जणांना तुम्ही पुष्कळ हसलाही आहात. तेव्हा अर्ज तुम्हीच द्या.

तुम्ही व्हा पुढे. आम्ही आहोतच मागे.